खड्डा बिल्डरचा, नोटीस सोसायटीला

पार्किंगसाठी तळघर खोदलं बिल्डरने, डंपर लावले त्याच्या कंत्राटदाराने. जादा उत्खननाची नोटीस मात्र मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या नावाने आली. मिळकत पत्रिकेवर नाव आमचं ना! परवाना काढलेला होता, पण कमी ब्रासचा (ब्रास म्हणजे 100 घनफूट). महसूल खात्याने खड्डा मोजून घेतला आणि जास्तीच्या मुरमाचा हिशेब मागितला.

"काका, ही काय खाण आहे? पायाच्या मातीवरची रॉयल्टी सुप्रीम कोर्टाने कधीच उडवलीय," बिल्डरचा माणूस मला म्हणाला. पुनर्विकासात हे अर्धसत्य फार फिरतं. डिसेंबर 2014 मध्ये पुण्याच्या बिल्डर संघटनेच्या खटल्यात कोर्टाने मातीचा वापर कशासाठी झाला, यावर बोट ठेवलं. त्याच प्लॉटवर भरणीला, सपाटीकरणाला वापरली तर रॉयल्टी नाही. आमचा मुरूम तर गेटबाहेर जाऊन दुसरीकडच्या भरावात पडला होता.

1957 च्या केंद्रीय कायद्याने गौण खनिजांचे (त्यात मुरूमही आला) नियम करायचा अधिकार राज्याला दिलाय. आपल्याकडे 2013 चे नियम आहेत. ब्रासमागे 400 रुपये असलेली रॉयल्टी 2021 मध्ये 600 झाली. हजार चौरस मीटरचा खड्डा तीन मीटर खोल नेला की साधारण 1,060 ब्रास, म्हणजे सहा लाखांच्या वर. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे दहा टक्के वेगळे. विनापरवाना काढलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड.

खरी मेख करारात निघाली. 'सर्व कर विकासकाने भरावेत' एवढंच त्यात होतं. बिल्डरच्या वकिलाने जुलै 2024 चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल पुढे केला: रॉयल्टी हा कर नव्हे. वकील हुशार, हे मान्य. शेवटी पैसे बिल्डरनेच भरले, पण तोवर काम अडलं आणि सभासदांचं भाडं रखडलं.

तेव्हा करारात 'स्वामित्वधन (रॉयल्टी) व त्यावरील दंड विकासकाकडे' असं स्पष्ट लिहून घ्या. आर्किटेक्टकडून खोदाईचे ब्रास काढून परवान्यातल्या आकड्याशी ताडा. वॉचमनच्या वहीत डंपरचा नंबर, वाहतूक पासचा नंबर आणि वेळ रोज लिहिली जाऊ द्या. आमच्या बाजूने कामी आली ती तीच वही. अंधेरी-बोरिवलीत ज्यांची खोदाई सुरू व्हायचीय, त्यांनी परवान्याची प्रत हातात पडेपर्यंत एकही डंपर गेटबाहेर सोडू नये.