नाल्यापलीकडचा भामरागड

गडचिरोलीहून भामरागड रस्त्याने दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. कोरड्या दिवसांत मोटारीने हा प्रवास अर्ध्या दिवसात आटोपतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तेच अंतर किती दिवसांचे होईल, हे कोणताही नकाशा सांगत नाही. ते वाटेतील नाले ठरवितात. म्हणून भामरागड आणि त्याला लागून असलेल्या एटापल्ली व अहेरी या तालुक्यांच्या दळणवळणाचा विचार करावयाचा, तर किलोमीटरचा हिशेब बाजूस ठेवून पाणी ओलांडण्याच्या जागांचा हिशेब प्रथम मांडावा लागतो.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. त्यातील फार मोठा भाग वनाच्छादित. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२, म्हणजे दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे. राज्याची सरासरी त्या वेळी ३६५ होती. या आकड्यांतच रस्त्यांच्या तुटवड्याचे एक कारण दडलेले आहे. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशासाठी ५०० आणि डोंगरी व आदिवासी भागासाठी २५० लोकवस्तीची अट होती. माडिया गोंडांचे अनेक पाडे त्या सवलतीच्या आकड्याच्याही खाली राहिले. चाळीस-पन्नास माणसांच्या पाड्यापर्यंत रस्ता नेणे खर्चाच्या कोष्टकात बसत नाही. पाड्यातील माणसाचा ताप मात्र कोष्टक पाहून येत नाही.

भामरागडचे भूगोलाच्या शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावे असे वैशिष्ट्य म्हणजे येथील पूर. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या येथे एकत्र येतात. इंद्रावतीचा उगम दूर ओडिशातील कालाहंडी भागात असून ती बस्तरमधून वाहत येते. वरच्या भागात अतिवृष्टी झाली की ती फुगते, आणि तिच्या फुगवट्यामुळे पर्लकोटा व पामुलगौतम यांच्या पाण्याला पुढे जाण्यास वाव उरत नाही. ते मागे सरते आणि नाल्यांत शिरते. त्यामुळे भामरागडावर आकाश निरभ्र असताना रस्ता बंद झाला, असा अनुभव येतो. नवख्या अधिकाऱ्याला हे चमत्कारिक वाटते. येथील माणसाला नाही. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागड गावात पुराचे पाणी अनेकदा शिरले आणि प्रत्येक वेळी तालुक्याचा संपर्क तुटला.

पूर्वीची स्थिती याहून कठीण होती. १९७३ मध्ये जवळच हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात तेथे पोचणेच दुरापास्त होते. पायवाट, सायकल, बैलगाडी, एका लाकडातून कोरलेला डोंगा आणि रुग्णासाठी खाटेची कावड हीच वाहने. त्यांपैकी एकही अद्याप पूर्णतः मोडीत निघालेले नाही. आठवडी बाजाराला निघालेली माणसे कोठे नदी कमरेइतकी आणि कोठे गळ्याइतकी, हे पाण्याच्या रंगावरून ओळखतात.

उन्हाळ्यात चित्र पालटते. नद्यांची पात्रे उघडी पडतात आणि तेंदूपाने वाहणाऱ्या मालमोटारी आतल्या गावांपर्यंत पोचतात. जेथे मालमोटार जाते तेथे एस. टी. का जात नाही, असा प्रश्न ग्रामसभेत विचारला जातो. त्याचे उत्तर सरळ आहे. मालमोटारीला मे महिन्यातले कोरडे पात्र पुरते, बसला बारमाही ओलांडण लागते. तीस किलोमीटरचा उत्तम डांबरी रस्ता त्यावरील सर्वांत ठेंगण्या रपट्याइतकाच उपयोगी असतो.

काही वर्षांपूर्वी चित्रीकरणाच्या कामासाठी गेलेलो असता एका रपट्यापाशी आमची जीप दीड दिवस अडकून पडली. आम्ही पाणी ओसरण्याची वाट पाहत चहा पीत होतो. तेवढ्यात एक आरोग्यसेविका लसीची शीतपेटी मांडीवर घेऊन डोंग्यातून पलीकडे गेली आणि सायंकाळी रिकामी पेटी घेऊन परतही आली. आमच्या दौऱ्याच्या अहवालात ‘रस्ता बंद’ असे शब्द लिहिले गेले, याचा संकोच आजही वाटतो.

या भागातील शासकीय व्यवस्था हा ऋतुक्रम ओळखूनच आखावी लागते. नवसंजीवनी योजनेखाली पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांसाठी धान्य आधीच पोचवून ठेवण्याची पद्धत आहे. २०१०-११ पासूनच्या माहेरघर योजनेत गरोदर स्त्रीने प्रसूतीच्या काही दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात येऊन राहावे, अशी सोय आहे. कळा सुरू झाल्यावर नाला ओलांडण्यापेक्षा आधी ओलांडणे, एवढाच या योजनेचा साधा अर्थ. मात्र घरी लहान मुले आणि रोवणीचे दिवस असताना ती स्त्री सहजासहजी निघत नाही. तेथे आशा सेविका आणि पंचायत सदस्य यांचे बोलणे कामी येते.

रस्त्यांच्या कामाला नक्षलवादी हिंसाचाराचाही अडथळा झाला. १ मे २०१९ रोजी दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील वाहने जाळण्यात आली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळ १५ पोलीस व त्यांचा वाहनचालक स्फोटात मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या काळात परिस्थिती बदलली. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते एटापल्ली तालुक्यातील गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटर रस्त्याचे उद्घाटन झाले आणि अहेरी-गर्देवाडा बस सुरू झाली.

पंचायत सदस्यांना फारशी परिचित नसलेली एक तरतूद येथे नमूद करणे योग्य होईल. वन हक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) नुसार रस्त्यासह १३ प्रकारच्या गावसुविधांसाठी, प्रत्येक बाबतीत एक हेक्टरहून कमी वनजमीन वळती करता येते. तोडावयाची झाडे हेक्टरी ७५ हून अधिक नसावीत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, या तिच्या अटी आहेत. लांब रस्ता या मर्यादेत बसणार नाही; पण नाल्यावरील मोरी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा जोडरस्ता बसू शकतो.

अशा शिफारशीला आधार हवा, तो गावातच तयार होऊ शकतो. शाळेतील शिक्षकांनी जूनपासून एका वहीत तीनच गोष्टी टिपाव्यात: कोणता नाला, कोणत्या तारखेला बंद झाला, कोणत्या तारखेला उघडला. विद्यार्थ्यांची हजेरी त्याच वहीत शेजारी मांडली, तर तालुक्याच्या बैठकीत तोंडी तक्रारीऐवजी ती वहीच पुढे करता येईल.