ओढ्यातलं सांडपाणी: तक्रार टिकेल कशी?

प्रश्न: आमच्या ओढ्यात रात्री कारखान्याचं रंगीत सांडपाणी सुटतं. आम्ही बाटलीत नमुना भरून ठेवलाय. पुढे काय करावं?

उत्तर: त्या बाटलीवर विसंबू नका. १९७४च्या जल कायद्यानुसार कोर्टात टिकतो तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेऊन सीलबंद केलेला नमुना. म्हणून पाणी वाहत असतानाच मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला कळवा, लेखी तक्रारही द्या आणि पोच घ्याच. फोटोत तारीख-वेळ असू द्या, शिवाय पूल किंवा विजेचा खांब अशी ओळखीची खूण येऊ द्या. पाहणीचा अहवाल माहिती अधिकारात मागा. दाद लागली नाही तर पुण्यात हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. मात्र वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायला हवा. पत्रव्यवहाराच्या घोळात ही मुदत हातची घालवू नका.