पाळी आणि पोट, दोन्ही एकाच डॉक्टरला सांगा

पोट साफ होत नाही म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला पाळीबद्दल सहसा कुणी विचारत नाही, आणि पाळीच्या तक्रारीसाठी गेलेली बाई शौचाचं बोलायला लाजते. माझी दोन्ही दुखणी अशीच दोन वेगळ्या फायलींत पडून होती. लातूरला एकीकडे मूळव्याधीचं मलम आणि रात्रीचं रेचक चूर्ण, तर अंगावरून जास्त जातं म्हणून दुसरीकडे लोहाच्या गोळ्या. औषधं नेमाने चालू आणि त्रास जागच्या जागी.

त्रास नेमका काय होता ते सांगते, कारण पुष्कळ जणी तो सांगतच नाहीत. कळ यायची, बसलं की थोडंसं व्हायचं आणि उठल्यावर वाटायचं की अजून आत काही अडकलंय. पाळी जवळ आली की ओटीपोट जड, लघवीला सारखं जावं लागायचं. पाळीच्या पहिल्या दिवशी मात्र सगळं उलटं, पातळ शौचाला.

नांदेडला नणंद नर्स आहे. जेवणं झाल्यावर भांडी आवरता आवरता तिच्यापाशी हे सगळं बोलून गेले. ती म्हणाली, "वहिनी, हे दोन्ही एकत्र कुणाला सांगितलंय का तुम्ही?" दुसऱ्या दिवशी तिनेच सोनोग्राफी करून आणली. रिपोर्टमधल्या एका ओळीवर तिने बोट ठेवलं: 'पोस्टिरिअर वॉल, फायब्रॉइड, ७ × ६ सेंमी'. म्हणजे गर्भाशयाच्या मागच्या भिंतीत गाठ.

एसटीच्या तिघांच्या बाकड्यावर असतात तसे ओटीपोटात तीन अवयव दाटीने बसलेले असतात. पुढे मूत्राशय, मधे गर्भाशय, मागे गुदाशय. मधला फुगला की शेजाऱ्यांना चेपणारच. गाठ पुढच्या भिंतीत असेल तर लघवीचा त्रास, मागच्या भिंतीत मोठी असेल तर शौचाचा. म्हणून गाठीचा नुसता आकार विचारून भागत नाही, ती कुठे आहे हेही विचारा. लहान गाठी कित्येक बायकांना असतात आणि काही त्रास देत नाहीत. तेव्हा गाठ सापडली म्हणजे पोटाच्या तक्रारीचं कारण सापडलंच, असंही धरू नये. आणि 'गाठ' शब्दाने कॅन्सर डोळ्यांपुढे येतो, पण फायब्रॉइड कॅन्सरची निघणं फारच दुर्मीळ.

एका डॉक्टरांनी रिपोर्ट पाहताच "पिशवी काढून टाका" म्हटलं. त्यांचं चूक होतं असं मी म्हणत नाही. गाठ फार मोठी असली, रक्त थांबतच नसलं, तर तोही रास्त उपाय असतो. पण आपल्या मराठवाड्यात हा शब्द ऐकून लगेच मान डोलावू नये. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा विषय विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक जणींच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. तेही ऐन तरुण वयात! हे आठवलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

दुसरं मत घ्यायला मोठ्या शहरातच जावं लागतं असं नाही. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. शस्त्रक्रिया ठरलीच तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. आणि डॉक्टरांना विचारा: नुसती गाठ काढता येईल का? रक्तस्राव औषधांनी आवरेल का? पाळी जायला किती वर्षं आहेत? पाळी गेल्यावर या गाठी बहुधा आक्रसतात. पिशवी काढायचीच तर बीजकोष राखणार का, हेही.

मी दुसऱ्या मतानंतर थांबायचं ठरवलं. त्या डॉक्टरबाईंनी आधी लोहाच्या गोळ्यांकडे पाहिलं. गाठीमुळे रक्त जातं, रक्त कमी म्हणून लोह, लोहाने शौच घट्ट, आणि घट्ट शौच गाठीमुळे आधीच चेपलेल्या वाटेतून जायचं. माझं हिमोग्लोबिन फारच खाली होतं म्हणून त्यांनी लोह सलाइनमधून दिलं. कुणाला गोळीच एक दिवसाआड देतात. गोळ्या थांबल्यावर माझा निम्मा त्रास गेला. गाठ अजून आहे, ठरल्या वेळी सोनोग्राफी होते. गोळ्या मनानेच बंद करू नका मात्र, रक्त कमी राहणं त्याहून वाईट.

उरलेला निम्मा त्रास रोजच्या सवयींवर आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरच्या आपण बायका, पाणी जपून वापरायचं हाडीमाशी मुरलेलं. त्यात प्रवास असला की स्टँडवरच्या संडासात जायला नको म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. कळ दाबायची सवय याहून वाईट. न्याहारीनंतर आतडी आपसूक हलतात, ती वेळ स्वयंपाकाच्या घाईत घालवू नका. कमोड असेल तर पायाखाली छोटा स्टूल घ्या, कुंथू नका. इसबगोल घ्याल तर भरपूर पाण्याबरोबर. पाणी कमी पडलं तर उलट जास्त घट्ट होतं. सोनामुखीची चूर्णं महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेऊ नका. पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना असह्य दुखत असेल तर ते वेगळं सांगा, तो एंडोमेट्रिओसिसही असू शकतो.

लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं, त्याला घाबरू नका. पण शौचावाटे रक्त जात असेल, वजन विनाकारण उतरत असेल, चाळिशीनंतर शौचाची सवय बदलली असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर रिपोर्टमध्ये गाठ असली तरी कोलोनोस्कोपीचं विचारा. पोट सतत फुगलेलं राहत असेल तर बीजकोष तपासून घ्या. आणि पोट फुगून उलट्या होत असतील, शौच नाही आणि वायूही सरत नसेल, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा.