एक दिवस गोळी चुकली तर?

प्रश्न : गाठींमुळे या वर्षी आईची थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढावी लागली. गाठी कॅन्सरच्या नव्हत्या. आता आयुष्यभर रोज एक गोळी आहे. एखाद्या दिवशी ती राहिली की आई दिवसभर धास्तावलेली असते. उलट डोस वाढवला की दुसऱ्याच दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणते. डॉक्टर मात्र ‘दीड महिन्याने रक्त तपासू’ एवढंच सांगतात. अख्ख्या ग्रंथीचं काम एवढीशी गोळी कशी करते? आणि दीड महिना कशासाठी थांबायचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आईची धास्ती आणि उतावीळ, दोन्हींवर उत्तर एकच आहे. गोळीतलं हार्मोन शरीरात सावकाश साठतं आणि सावकाशच संपतं.

थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ म्हणजे थायरॉक्सिन बनवते. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. त्यातला एक काढला की टी-३ तयार होतं, आणि प्रत्यक्ष कामाचं हार्मोन तेच. शरीरातलं सुमारे ८० टक्के टी-३ ग्रंथीत बनतच नाही. ते यकृत, मूत्रपिंडं अशा ठिकाणी टी-४ पासून गरजेप्रमाणे बनतं. टी-४ म्हणजे कणगीतलं धान्य आणि टी-३ म्हणजे पीठ असं धरा. शस्त्रक्रियेत शेत गेलं, पण कणगी आणि जातं घरातच राहिलं. गोळी रोज धान्य आणून टाकते, दळण शरीर पूर्वीसारखंच करतं.

कणगी चांगली मोठी आहे. रक्तातलं टी-४ निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. म्हणून एक गोळी चुकली तर पातळी फार तर दहाएक टक्क्यांनी उतरते, आणि ते आईला जाणवणारही नाही. त्याच दिवशी आठवलं तर पोट रिकामं असताना घेऊन टाकावी. दुसऱ्या दिवशी आठवलं तर काय करायचं, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मात्र आठवड्यातून दोन-तीनदा विसर पडू लागला, तर साठा हळूहळू खाली जातो.

डोस वाढवल्यावर हेच गणित उलट चालतं. नवी पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ही पातळी पाहून टीएसएच हे आपलं हार्मोन कमी-जास्त करते, तीही सावकाश. पंधरा दिवसांत तपासलं तर आकडा अर्धवट येतो, आणि त्या आकड्यावर पुन्हा डोस बदलला तर खरा डोस सापडतच नाही.

गोळी ‘एवढीशी’ आहे हे मात्र खरं. ग्रंथी नसलेल्या प्रौढाला रोज वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम औषध लागतं. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला साधारण ‘शंभरची’ गोळी. या हिशेबाने एक ग्रॅम थायरॉक्सिन सत्तावीस वर्षं पुरेल!

पण ते नसलं तर काय होतं, हे स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन थिओडोर कोखर यांनी १८८३ मध्ये नोंदवून ठेवलं. पूर्ण ग्रंथी काढलेले त्यांचे रुग्ण पुढे सुस्त, सुजलेले आणि मंद होत गेले. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे यांनी थायरॉइड मंदावलेल्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. उपचार चालू ठेवून ती पुढे २८ वर्षं जगली. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन वेगळं काढलं. आजच्या गोळीत तेच हार्मोन असतं, फक्त कारखान्यात बनवलेलं.

आता आईने खरी काळजी कशाची घ्यायची? गोळी पोटात गेली म्हणजे सगळी रक्तात गेली असं नाही. ती अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. सकाळचा चहा सुटत नसेल, तर रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी घेतली तरी चालते. पण जी वेळ ठरेल ती पाळावी. कॅल्शियम, लोह आणि अ‍ॅसिडिटीची काही औषधं तिला आतड्यातच अडवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना कॅल्शियमही दिलेलं असतं, आणि सोयीसाठी सगळ्या गोळ्या एका वेळी घेतल्या जातात. डोस वाढत जातो, टीएसएच उतरत नाही, आणि कारण गोळ्यांच्या डबीतच असतं. बाटली दमट जागी किंवा उन्हात ठेवू नका. कंपनी बदलली तर दीड महिन्याने तपासणी करून घ्या. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्याने रिपोर्टचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

शेजारणीच्या रिपोर्टशी तुलना नको. कॅन्सरमुळे ग्रंथी काढलेल्या काही रुग्णांचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात. आईला त्याची गरज नाही. विनाकारण जास्त डोसने छातीत धडधड होते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, उतारवयात हाडं ठिसूळ होतात. धडधड किंवा छातीत दुखणं सुरू झालं, ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर दीड महिना थांबू नका. मुंग्या बहुधा कॅल्शियम उतरल्याच्या असतात.

आणि एक दिवस रिपोर्ट अगदी नॉर्मल येईल. त्या दिवशी घरात कोणीतरी म्हणेलच, ‘आता कशाला गोळी?’ आईची ग्रंथी परत आलेली नाही. आकडा नॉर्मल आहे तो गोळीमुळेच. विसरलेल्या एका गोळीने काही बिघडत नाही, ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद केलेल्या बाटलीने मात्र जिवावर बेतू शकतं.