चेन सॉला चौकोनी धार: ग्राइंडर सुधारून घ्यायला खर्च किती, आणि तो कुणाला परवडतो?

चौकोनी धारेची चेन झपाझप कापते हे व्हिडिओत पाहून अनेकांच्या मनात एकच प्रश्न येतो: आपला धार लावायचा ग्राइंडर थोडा सुधारून घेतला तर तशी धार घरी काढता येईल का? काढता येते. पण त्यासाठी नेमकं काय बदलावं लागतं, किती पैसे जातात आणि आपल्या लाकडावर ते वसूल होतात का, हे दुकानात पाऊल टाकण्याआधी पाहून घ्यायला हवं. खाली दिलेले भाव साधारण आहेत. गाव, दुकान आणि ब्रँडप्रमाणे ते खालीवर होणारच.

आधी धारेचं समजून घेऊ. चेनच्या प्रत्येक दात्याला वरचा आडवा पत्रा असतो आणि बाजूचा उभा. दोन्ही जिथे मिळतात तो कोपरा लाकडात सर्वांत आधी शिरतो आणि खरं काम तोच करतो. गोल कानशीने घासलं की दात्याच्या आत अर्धगोल खाच पडते. चौकोनी धारेत त्या खाचेच्या जागी दोन सपाट उतार येतात आणि ते बरोबर त्या कोपऱ्यात एकमेकांना भेटतात. लाकूड सुरीने कापल्यासारखं सुटतं, मशीनवर जोर कमी द्यावा लागतो. ही पद्धत रुजली ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगन-वॉशिंग्टनच्या जंगलांत आणि शेजारच्या कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात. तिथले तोडणारे डग्लस फरची उभी झाडं कापतात. ते लाकूड नरम आणि स्वच्छ असतं, खोड मोठं असतं आणि मशीनही दांडगं असतं. (आज आपण वापरतो त्या चेनचा आराखडाही तिथलाच. लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून जोसेफ कॉक्स यांनी तो १९४७ साली पोर्टलंडमध्ये बाजारात आणला.)

आता खर्च. सर्वांत स्वस्त रस्ता कानशीचा. गोल कानस शंभर ते तीनशे रुपयांना मिळते आणि चेनच्या मापाप्रमाणे ती ४, ४.८ किंवा ५.५ मिलिमीटरची लागते. कोन धरून ठेवणारा गाइड चारशे ते हजार रुपयांत येतो. चौकोनी धारेच्या कानशी वेगळ्या असतात, आपल्याकडे सहज मिळत नाहीत, बाहेरून मागवाव्या लागतात. त्या चालवायची रीतही उलटी आहे. गोल कानस दात्याच्या आतून बाहेर ढकलतात, चौकोनी कानस बाहेरून आत. हात बसायला वेळ लागतो, म्हणून लोक मशीनकडे वळतात.

मशीनमध्ये फसगत होते ती अडीच ते पाच हजारांच्या छोट्या ग्राइंडरवर. प्लास्टिकचं अंग, ८५ वॉटची मोटर, १०८ मिलिमीटर व्यासाचं आणि जेमतेम ३.२ मिलिमीटर जाडीचं चाक. गोल धारेच्या घरगुती कामाला हे चालतं. चौकोनी धारेसाठी ते सुधारायच्या फंदात पडू नका. चौकोनी धार काढताना चाकाच्या बाजूवरही दाब येतो आणि इतकं पातळ चाक बाजूच्या दाबासाठी बनवलेलंच नसतं. ते फुटलं तर तुकडे थेट तोंडाकडे येतात. शिवाय बिजागरीत इतका ढिलेपणा असतो की सलग दोन दाते सारखे येत नाहीत.

सुधारणेच्या लायकीचा ग्राइंडर म्हणजे धातूच्या अंगाचा, बाकड्याला बोल्टने आवळायचा, १४५ मिलिमीटरचं चाक घेणारा. बिनब्रँडचा दहा ते पंधरा हजारांत मिळू शकतो, नामांकित ब्रँडचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. अमेरिकेतला नातेवाईक घेऊन येतो म्हणाला तर आधी व्होल्टेज विचारा. तिकडचं मशीन १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं असतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. आपल्या ५० हर्ट्झवर तिथली मिनिटाला ३,४०० फेऱ्यांची इंडक्शन मोटर २,८०० च्या आसपास फिरते. धार निघते, पण हळू. २३० व्होल्टचं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्यावं. खास चौकोनी धारेसाठीच बनवलेले ग्राइंडर अमेरिकेत हजार डॉलरच्या घरात जातात. त्यावर वाहतूक आणि आयातीचे कर चढतात, म्हणून एखाददुसऱ्या चेन सॉच्या मालकाने तिकडे पाहूच नये.

प्रत्यक्ष सुधारणेत चार कामं येतात. त्यात जीव आहे तो पहिल्या कामात, चाकाच्या कडेत. मूळ चाकाची कड गोलसर असते. ती हिऱ्याच्या ड्रेसरने तासून दोन सपाट पृष्ठभाग आणि मध्ये टोकदार कोपरा असा आकार द्यावा लागतो. ड्रेसर तीनशे ते आठशे रुपयांचा. पण तो हातात धरून तासला तर दर वेळी कोन वेगळा येतो, म्हणून ठरलेल्या कोनात फिरणारा ड्रेसरचा ठिय्या लेथवाल्याकडून करून घ्यावा. त्याचे दीड ते तीन हजार. चाकं जाड घ्यावीत आणि ग्राइंडरच्या फेऱ्यांना चालतील अशीच. एकेक सहाशे ते बाराशे. तासताना चाक झिजतं, तेव्हा दोन तरी हाताशी ठेवा. सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड) चाक कमी तापतं आणि वर्षानुवर्षं आकार सोडत नाही, पण ते तासता येत नाही. हव्या त्या आकाराचंच बनवून घ्यावं लागतं आणि आठ-दहा हजार सहज जातात. रोज चेनी घासणाऱ्या दुकानदारालाच ते शोभतं.

दुसरं काम बिजागरीचं. डोकं हाताने हलवून पाहा. बाजूला जरा जरी हललं तर पितळी बुश घालून घ्या. पाचशे ते हजार. तिसरं, दाता पुढे सरकवणाऱ्या स्टॉपचा स्क्रू बदलून बारीक आट्यांचा घालायचा, म्हणजे केसाएवढा फरकही हातात राहतो. हे दोन-तीनशे रुपयांचं काम. चौथं चेन पकडणाऱ्या शिकंज्याचं. चेन १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या जाडीची येते. पातळ चेन जाड फटीत कलली की डावे दाते एका लांबीचे आणि उजवे दुसऱ्या लांबीचे होतात, आणि मग करवत सरळ न जाता एका बाजूला ओढत जाते. शिकंज्यात पत्र्याची पातळ पट्टी घालून हे सुटतं. त्याला खर्च नाही, लक्ष लागतं. चाकावरचं झाकण मात्र कुठल्याही सुधारणेसाठी काढू देऊ नका.

असे सुधारणेचे चार ते सात हजार आणि ग्राइंडरचे दहा-पंधरा हजार धरले तर अठरा हजारांच्या आसपास गणित बसतं. बाहेर एक चेन धारेला शंभर ते दोनशे रुपये पडतात. दीडशे धरा. म्हणजे एकशेवीस चेनींनंतर कुठे मशीन फिटतं, तेही चाकांचा आणि विजेचा खर्च न धरता. बागेतली फांदी तोडणाऱ्याला हे आयुष्यात फिटायचं नाही. तोडणीचा ठेका घेणाऱ्याला किंवा धार लावून देण्याचा धंदा करणाऱ्याला वर्षभरात फिटू शकतं.

धार बरोबर आली का, हे भिंगातून पाहावं. उजेडात दाता धरा. दोन उतारांच्या मधली रेघ थेट बाहेरच्या कोपऱ्यात संपली पाहिजे. ती वर किंवा खाली सरकली असेल तर सगळी मेहनत वाया, कारण कापणारा कोपराच कच्चा राहतो. कडेवर पांढरी चमक दिसली तर धार अजून बोथट आहे. निळी झाक दिसली तर पोलाद तापून त्याचं पाणी उतरलं. तो दाता लवकर बोथट होणार. म्हणून चाक दात्यावर दाबून न ठेवता हलकेच टेकवत राहायचं. आणि प्रत्येक दात्यापुढचा खोली ठरवणारा उंचवटा साधारण ०.६५ मिलिमीटरने खाली आहे ना, ते गेजने मोजा. तो घासला नाही तर कोणतीही धार लाकडावरून नुसती सरकते. धार गेल्याची तक्रार असलेल्या चेनीतही हा उंचवटा आधी तपासून घ्यावा, त्याला फक्त सपाट कानस लागते.

आता आपल्याकडच्या लाकडाचा विचार. सागात सिलिका असतो आणि तो हत्याराची धार खातो. बाभूळ कठीण. पडलेलं झाड मातीत लोळलेलं असतं, कोकणात सालीत लाल धूळ बसलेली असते. अशा लाकडात चौकोनी धारेचा नाजूक कोपरा गोल धारेपेक्षा लवकर जातो. मग वेगाने कमावलेला वेळ पुन्हा धार लावण्यात जातो. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर पडली तशी झाडं उचलायची असतील तर गोल धारच बरी. उभं, स्वच्छ, नरम लाकूड सतत कापणाऱ्याला आणि साठ सीसीच्या वरचं मशीन असणाऱ्यालाच चौकोनी धारेचा फरक जाणवेल.

शेवटची तपासणी फुकट आहे आणि ती सर्वांत आधी करावी. चौकोनी धार फक्त फुल चिझल चेनीवर बसते, म्हणजे दात्याचा बाहेरचा कोपरा काटकोनी असलेल्या चेनीवर. लहान मशीनबरोबर येणाऱ्या बहुतेक चेनी सेमी चिझल असतात आणि त्यांचा कोपरा गोलावलेला असतो. आपली चेन हातात घेऊन दाता नीट पाहा. कोपरा गोल असेल तर ग्राइंडरवर एक रुपयाही घालू नका. चांगली कानस, गाइड आणि गेज आणा. दीड हजारांच्या आत तुमचं काम भागेल.