रेघ कुणाची?

बंगळुरूतल्या मराठी घरांतून हिवाळा आला की एक प्रश्न हमखास येतो. मुलगी बारावीत आहे, ड्रॉइंग सुरेख आहे. महाराष्ट्रात होती तेव्हा एलिमेंटरी दिली, इकडे बदली झाल्यावर लोअर आणि हायर या चित्रकलेच्या परीक्षा, सगळीकडे वरची श्रेणी. मग मोबाइलवर फोटो दाखवले जातात: पेन्सिल शेडिंगमधला एखादा सिनेनट, गणपती, वाघाचा डोळा. शेवटी आईचा आवाज जरा खाली येतो. “पोर्टफोलिओ बघून सर म्हणाले, हात चांगला आहे, पण यात ती कुठं दिसत नाही. म्हणजे नेमकं काय करायचं हो?”

सर बरोबर बोलले, फक्त अर्धं बोलून थांबले. वाघाचा तो डोळा कुणीतरी काढलेल्या फोटोवरून उतरवलेला आहे. कुठून बघायचं, उजेड कुठला, काय गाळायचं हे सगळं त्या फोटोग्राफरनं ठरवलं, मुलीनं मेहनत केली. मेहनतीला मी नावं ठेवत नाही, त्यातून हात वळतो. पण असली गुळगुळीत चित्रं आता संगणक मिनिटभरात काढून देतो. निवड करणारे शिक्षक शोधतात ते दुसरंच: ही मुलगी जगाकडे बघते कशी, आणि ते कागदावर आणायला तिनं स्वतःची काही रीत शोधली आहे का. दृश्यभाषा म्हणतात ती हीच. तिची शिकवणी लावता येत नाही, हे पालकांना पचायला जड जातं.

मग ती येते कुठून? चित्रकार कृष्ण हेब्बारांचं उदाहरण मला फार पटतं. उडुपीजवळच्या कट्टिंगेरीचा हा माणूस, जन्म १९११ चा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, पुढं तिथंच शिकवलंही, नंतर पॅरिसला जाऊन आले. म्हणजे शिक्षणात कमी काहीच नव्हतं. तरीही लयीचा शोध घेताना ते रीतसर कथक शिकले. हातात कला असलेला चित्रकार पायानं ठेका धरायला शिकतो, कारण ती लय त्याला रेघेत हवी असते! १९६४ साली त्यांच्या रेखाटनांचं पुस्तक निघालं, त्याचं नावच ‘द सिंगिंग लाइन’, गाणारी रेघ. त्यांच्या नर्तकीच्या रेखाटनात मोजक्याच रेघा असतात. नाक-डोळे जवळजवळ नसतात, गिरकी मात्र असते.

शैली ठरवून येत नाही, असा याचा अर्थ मी घेतो. एखादी गोष्ट नेहमीच्या पद्धतीनं कागदावर येईना की माणूस दुसरी वाट धरतो, आणि त्या वाटेवर त्याची खूण उमटते. प्रयोगशील रेखाटन म्हणजे ही अडचण मुद्दाम तयार करणं. खराट्याची काडी शाईत बुडवून काढायचं. कागदाकडे न बघता, नजर फक्त वस्तूवर ठेवून काढायचं. डाव्या हातानं काढायचं. मेट्रोत समोरचा प्रवासी पुढच्या स्टेशनला उतरेल, तेवढ्यातच त्याला पकडायचं. दर्शिनीत उभ्यानं कॉफी पिणाऱ्यांची गर्दी काढायची, पण माणसं न काढता, फक्त कोपर आणि पेले. कब्बन पार्कातलं एकच झाड महिनाभर रोज काढायचं. पहिल्या आठवड्यात झाड दिसतं, दुसऱ्यात कंटाळा येतो. खरं काम कंटाळ्यानंतर सुरू होतं, कारण माहीत असलेलं सगळं तोवर काढून संपलेलं असतं. यातली बहुतेक पानं फसतात. फसलेली पानं फाडू देऊ नका, तारीख टाकून ठेवा. वर्षानं तीच सर्वांत बोलकी निघतात.

आता प्रवेशाचं. बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठीच्या यूसीड प्रवेशपरीक्षेला एकूण ३०० गुण असतात. त्यातले २०० संगणकावरच्या ‘अ’ भागाला आणि १०० हातानं काढायच्या-लिहायच्या ‘ब’ भागाला. ‘अ’ भागात मागं पडलेल्यांचा ‘ब’ भाग तपासलाच जात नाही. तेव्हा रेघ कितीही गाणारी असली तरी आकडेमोड आणि तर्क सोडून चालत नाही. आणखी एक घोटाळा नेहमी होतो: बंगळुरूला एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे म्हणून पालक निश्चिंत असतात, पण इथल्या केंद्रात अभ्यासक्रम पदव्युत्तर आहेत, बारावीनंतर तिथं दार नाही. बारावीनंतर शहरात बघायचं तर कुमार कृपा रस्त्यावरच्या चित्रकला परिषदेचं कॉलेज आहे, यलहंक्याला सृष्टी ही कला-डिझाइनची संस्था आहे. खासगी संस्थांची फी ऐकण्यापूर्वी खुर्चीत नीट बसून घ्या, आणि कर्ज काढण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम बघून या. सगळ्यांचं काम एकसारखं दिसलं तर सावध व्हा.

पोटाचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो विचारण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. प्रभाकर बरव्यांसारखा चित्रकार १९६१ पासून जवळजवळ दोन दशकं विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होता. दिवसा कापडासाठी डिझाइन आणि त्यासोबत स्वतःची चित्रं. घड्याळ, पान, शिंपला अशा साध्या वस्तू त्यांच्या कॅनव्हासवर पुनःपुन्हा येत राहिल्या, इतक्या की त्यांची ती वर्णमालाच झाली. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं मराठी पुस्तक घरात आणून ठेवा. मुलीच्या आधी तुम्ही वाचलंत तर उत्तम. आज विणकर केंद्राच्या जागी बंगळुरूत अॅनिमेशन स्टुडिओ आहेत, गेम बनवणाऱ्या कंपन्या आहेत, मुलांची पुस्तकं काढणारे प्रकाशक आहेत, अॅपचे पडदे आखणारे आहेत. तिथं सुरुवातीला दुसऱ्याच्याच शैलीत काम करावं लागतं, हे मुलीला आधी सांगा. स्वतःची वही ऑफिसच्या पिशवीत असली म्हणजे झालं.

जानेवारीतल्या एका रविवारी कुमार कृपा रस्त्यावर चित्रसंते, म्हणजे चित्रांचा बाजार, भरते. वाहनं बंद, दुतर्फा चित्रं. मुलीला घेऊन जा, पण ‘बघ, लोक किती छान काढतात’ असं म्हणू नका. कुणाचं चित्र सहीशिवाय ओळखू येतं, एवढंच दोघींनी मिळून शोधा. आणि घरी आल्यावर तिनं खराट्याच्या काडीनं काहीतरी वेडंवाकडं काढून पुढं केलं, तर ‘हे काय आहे?’ असं विचारण्याऐवजी ‘हे कशानं काढलंस?’ असं विचारून बघा. ती बराच वेळ बोलेल.