रक्ततपासणीचा अहवाल कसा वाचावा?

थकवा हे आजाराचे लक्षण मानण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही. 'वयोमानाप्रमाणे चालायचेच' असे म्हणून, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, तो सोसला जातो. पुढे केव्हातरी रक्ताची तपासणी होते, अहवालात ठळक अक्षरांत छापलेला एखादा आकडा दिसतो आणि 'थायरॉईड निघाला' असा निष्कर्ष घरच्या घरी काढला जातो. आधीचे दुर्लक्ष आणि नंतरची घाई, ही दोन्ही सारखीच अपायकारक होत. अहवालातील आकडे एकमेकांच्या संदर्भात आणि रुग्णाच्या लक्षणांच्या संदर्भात वाचावयाचे असतात, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल एक अहवाल कल्पू या. पंचेचाळीस वर्षांच्या, शाकाहारी असलेल्या एका शिक्षिकेला सहा महिन्यांपासून थकवा आहे, अंग दुखते आणि तळपायांना मुंग्या येतात. तिच्या अहवालात टीएसएच ६.८, मुक्त टी-४ प्रमाणात, जीवनसत्त्व ब-१२ हे १६० पिकोग्रॅम आणि जीवनसत्त्व ड हे १४ नॅनोग्रॅम (दोन्ही दर मिलिलिटरमागे) असे आकडे आहेत. यांचा अर्थ काय?

स्मरणपत्राचा न्याय

गळ्याच्या पुढील भागात असलेली अवटु ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, टी-४ व टी-३ ही संप्रेरके तयार करते. शरीरातील चयापचयाचा वेग त्यांवर अवलंबून असतो. या ग्रंथीवर देखरेख असते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीची. टीएसएच हा तिचा आदेश होय. कनिष्ठ कार्यालयाचे काम मंदावले की वरिष्ठ कार्यालयाची स्मरणपत्रे वाढतात. काम अतोनात होऊ लागले की ती थांबतात. त्याचप्रमाणे टीएसएच वाढलेले असेल तर अवटु ग्रंथी मंद आहे आणि ते फार कमी असेल तर ती अतिरिक्त काम करीत आहे, असा सामान्यतः अर्थ होतो. 'आकडा वाढला म्हणजे थायरॉईड वाढला' हा समज त्यामुळे उलटा ठरतो. क्वचित पोष ग्रंथीच बिघडलेली असते. अशा वेळी टीएसएचवरून बोध होत नाही. मुक्त टी-४ पाहावे लागते.

प्रौढांमध्ये टीएसएचची मर्यादा साधारणतः ०.४ ते ४ एकके असते. तथापि ती प्रयोगशाळेगणिक थोडी बदलते. ही मर्यादा निरोगी व्यक्तींच्या तपासणीवरून ठरविलेली असते आणि तीत शंभरापैकी सुमारे पंच्याण्णव जण बसतात. मर्यादेबाहेरचा प्रत्येक आकडा म्हणजे आजार नव्हे, तो याचसाठी. आपल्या शिक्षिकेचे टीएसएच किंचित वाढलेले असले तरी टी-४ योग्य प्रमाणात आहे. अशा स्थितीत डॉक्टर बहुधा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करवितात आणि प्रतिपिंडांची चाचणी सुचवितात. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच अवटु ग्रंथीवर हल्ला करते, या विकाराचे वर्णन जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये केले. आयोडीनचा पुरेसा पुरवठा असलेल्या प्रदेशांत ग्रंथी मंदावण्याचे हे प्रमुख कारण आहे. टीएसएच १० च्या वर गेल्यास सहसा औषध सुरू केले जाते. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत मात्र वाट न पाहता तत्काळ वैद्यकीय सल्ला घ्यावयास हवा; कारण पहिल्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते.

खरा धोका कोठे आहे?

या अहवालातील तातडीची बाब टीएसएच नसून ब-१२ ही आहे. २०० पिकोग्रॅमच्या खालील प्रमाण ही सामान्यतः उणीव समजली जाते. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज अन्नातूनच मिळते. दूधदुभते कमी घेणारे शाकाहारी, तसेच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारे रुग्ण, यांना ही उणीव अधिक संभवते. तळपायांच्या मुंग्या ही मज्जातंतूंची तक्रार असू शकते. उपचार लांबल्यास ही हानी कायमची होण्याचा संभव असतो. केवळ फॉलिक आम्ल घेतल्यास रक्तक्षय सुधारतो, परंतु मज्जातंतूंचा ऱ्हास आतून चालूच राहू शकतो. सर्वांचे लक्ष 'थायरॉईड'कडे लागले, तर नेमकी हीच बाब नजरेआड होते.

जीवनसत्त्व ड २० नॅनोग्रॅमच्या खाली असणे हीही उणीव होय. अंगदुखीचे एक कारण तेथे असू शकते. ऊन विपुल असूनही आपल्याकडे ही उणीव पुष्कळ आढळते. कारण दिवस छपराखाली जातो. सकाळच्या कोवळ्या उन्हात आवश्यक किरण अत्यल्प असतात. दुपारच्या सुमारास काही वेळ हातापायांवर पडलेले ऊन अधिक उपयोगी पडते. मात्र या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा सल्ल्याविना घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा पोचते.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

केसांसाठी बायोटिनयुक्त गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे आणि तपासणीपूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात. त्यांमुळे आकडे चुकीचे येऊ शकतात. अवटु ग्रंथीची गोळी सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा किंवा न्याहारी घेऊ नये. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. गोळी चालू असताना अहवाल योग्य येणे म्हणजे गोळीची गरज संपणे नव्हे. ती आपले काम करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या मनाने ती बंद करू नये.

आरोग्य केंद्रातून गरोदर मातांना लोह व कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या अवटु ग्रंथीच्या गोळीबरोबर घेतल्यास तिचे शोषण घटते. दोहोंमध्ये चार तासांचे अंतर हवे. आशा कार्यकर्तीने एवढी एक गोष्ट घरोघर सांगितली, तरी पुष्कळ साधेल.

१९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमाने आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोचविण्याचा पाया घातला. तेथे प्रश्न मिठाचा होता. येथे तो जाणतेपणाचा आहे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आणि शिक्षकांनी पालकसभेत हा विषय मांडावा. अहवालाचा कागद औषधाच्या दुकानात नव्हे, तर प्रथम डॉक्टरांपुढे ठेवावयाचा असतो. आणि त्याबरोबर आपल्या तक्रारीही, न लाजता, सांगावयाच्या असतात.